वीज गेली असता माशांची निगा

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे तासन्‌तास वीज जाते आणि टाकीतील गोल्डफिश वर येऊन तोंडे उघडू लागतात. काय करावे?

उत्तर : हे प्राणवायू खालावल्याचे लक्षण होय, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातांवर येतो, आणि माशांची गरज मात्र उष्णतेने वाढते. म्हणून झाकण काढून टाकीतलेच पाणी तांब्याने वीतभर उंचीवरून पुनःपुन्हा ओतीत राहावे, खाद्य सर्वस्वी तहकूब ठेवावे. बॅटरीवरील हवेचा पंप संग्रही असल्यास उत्तमच. (गुरामी जातीचा मासा थेट हवेतूनही श्वास घेतो, त्याची फिकीर कमी.) बंद डब्याचा फिल्टर मात्र काही तास थांबल्यास आतले उपयुक्त जीवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात, तेव्हा डब्यातले दूषित पाणी फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळूनच तो पुन्हा सुरू करावा, ही दक्षता बहुतेक गृहस्थ विसरतात.