हादरा कधी येतो, ते आधी विचार

सिरसाळा

चि. बाळास,

ताईचा फोन आला होता. स्टेअरिंग थरथरणाऱ्या गाडीचे टाय रॉड एंड तू बदललेस, तरी तक्रार गेली नाही आणि तू दोन दिवस नीट जेवला नाहीस, असं म्हणाली. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

पाना उचलायची तू घाई केलीस. गिऱ्हाईक "स्टेअरिंग हादरतं" म्हणालं, की आधी विचार: किती स्पीडला? नुसती पळताना, की ब्रेक दाबल्यावर? आणखी पळवली तर कमी होतं का? मग त्याला शेजारी बसवून स्वतः चालव, आणि गर्दीत नको, धुळे-सोलापूर महामार्गावर. आपल्याकडे सिरसाळा-परळी रस्त्यावर काटा ऐंशीवर फार वेळ टिकत नाही. इथल्या कितीतरी गाड्यांचा दोष बीड ओलांडून गेवराईकडे लागल्यावरच उघडा पडतो.

ऐंशी-नव्वदला थरथर सुरू झाली आणि एकशेदहाच्या पुढे विरली, तर बहुतेक वेळा बॅलन्सिंगच गेलेलं असतं. वीस ग्रॅमचं वजन रिमवरून पडलं तर काय होतं, याचा हिशेब मी एकदा मांडला होता. शंभरच्या स्पीडला लहान गाडीचं चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं आणि ते वीस ग्रॅम दर फेरीला जवळजवळ तीन किलोच्या जोराने चाक ओढतात. पन्नासला हाच जोर पाऊण किलोसुद्धा राहत नाही, म्हणून गावात काही कळत नाही. थरथर हातात आली तर पुढची चाकं बघ, सीटखाली आली तर मागची. खात्री नसेल तर पुढची चाकं मागे टाकून पुन्हा चालव. हादरा जागा बदलतो का, ते लगेच कळतं.

ब्रेक दाबल्यावरच हादरत असेल तर चाकाला हात लावू नकोस, डिस्क तपास. ॲक्सिलेटर दाबल्यावर येत असेल तर ॲक्सलचा आतला जॉइंट. तीस-चाळीसलाच गाडी डुलत असेल तर टायरला फुगा आलाय किंवा रिम वाकलीय. आणि अलाइनमेंटला उगाच दोष देऊ नकोस. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतं. निव्वळ थरथरीसाठी गिऱ्हाइकाकडून अलाइनमेंटचे पैसे घेणं मला पटत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याची गाडी आली. बाहेर दोनदा बॅलन्सिंग केलेलं, तरी चार दिवसांनी हादरा परत. मी चाक काढून उलटं केलं. रिमच्या आत आपली काळी माती विटेसारखी वाळून बसली होती. गाडी रोज शेतात जायची. मशीनने मातीसकट बॅलन्स केला, पुढे मातीचं एखादं ढेकूळ गळलं की सगळा हिशेब पुन्हा बिघडायचा. माती खरवडली, चाक धुतलं, मग वजनं लावली. त्यानंतर ती गाडी त्या तक्रारीसाठी आली नाही. तेव्हापासून चाक आतून धुतल्याशिवाय मी मशीनवर चढवत नाही.

टाय रॉड, बॉल जॉइंट हेही झिजतात, पण ते पारखून बदलावेत. गाडी जॅकवर घे. चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड, वर-खाली धरून लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. खेळच नसेल तर नवा पार्ट टाकून काही सुधारणार नाही.

हे सगळं करण्याआधी चारही चाकांचे नट मात्र तपासायचे. टायर बदलल्यावर लगेच थरथर सुरू झाली असेल तर विशेष करून. आणि फुगा आलेलं टायर घेऊन कोणाला समृद्धी महामार्गावर जाऊ देऊ नकोस, पैसे बुडाले तरी चालतील. तिथे गाड्या एकशेवीसने धावतात. त्या स्पीडला पुढचं टायर फुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता जेवून घे. त्या गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून गाडी परत बोलाव, चारही चाकं आतून बघ, आणि काय निघालं ते मला कळव.

तुझा,
मामा