लेखनयंत्रे आणि मराठीचे प्रमाणीकरण : मोडीपासून भाषाप्रारूपापर्यंत

तंत्रज्ञान आणि समाजाचे भवितव्य यांचा विचार करताना उत्पादन, रोजगार आणि युद्ध या क्षेत्रांकडे प्रामुख्याने लक्ष दिले जाते. भाषेचा विचार त्यामानाने मागे राहतो. वस्तुतः नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाल्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे रूप सामान्य माणसापर्यंत पोहोचले, ते मुख्यतः भाषिक आहे. अर्ज लिहिणे, भाषांतर करणे, प्रश्नाचे उत्तर देणे, दीर्घ मजकुराचा सारांश काढणे ही सर्व भाषेचीच कामे होत. म्हणून या तंत्राचा समाजावरील परिणाम समजून घ्यावयाचा तर तो भाषेच्या अंगानेही तपासावा लागतो. प्रस्तुत लेखात मराठीच्या संदर्भात हा विचार करावयाचा आहे. लेखनाच्या प्रत्येक यंत्राने मराठीची काही रूपे स्वीकारली आणि काही मागे टाकली, असे गेल्या दोन शतकांच्या इतिहासावरून दिसते. पूर्वीच्या यंत्रांची निवड लिपी आणि शब्दरूप यांपुरती मर्यादित होती. भाषाप्रारूपाची निवड वाक्यापर्यंत जाऊन पोहोचते. या फरकाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यातून मराठीच्या अभ्यासकावर येणारी जबाबदारी निश्चित करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

१. खिळा आणि लिपी

मुद्रणपूर्व काळात मराठीचा लेखनव्यवहार दोन लिप्यांत विभागलेला होता. दफ्तर, हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत चाले, तर पोथ्या बालबोधीत लिहिल्या जात. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. त्यांचा १८१० चा कोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे. अर्थात मोडीचे खिळे पाडणे अशक्य होते, असे म्हणता येत नाही. परंतु मोडीची प्रकृती मुद्रणाला प्रतिकूल होती. हात न उचलता लिहिणे हे तिचे वैशिष्ट्य. त्यामुळे अक्षरे एकमेकांत मिसळतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि पुष्कळदा वाचन संदर्भावर अवलंबून राहते. खिळ्याला मात्र प्रत्येक अक्षर सुटे आणि स्वयंपूर्ण हवे असते.

बालबोधीच्या विजयाचे श्रेय केवळ यंत्राला देता येणार नाही. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६), मेजर कँडी यांनी रूढ केलेली विरामचिन्हे आणि शालेय पाठ्यपुस्तके यांनी छापील मराठीला एक स्थिर रूप दिले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि त्या रूपाला देखणेपण लाभले. ज्ञानप्रसाराच्या दृष्टीने हे कार्य मोलाचेच होते. तथापि त्याची किंमतही मोजावी लागली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून व कचेरीतून नाहीशी झाली आणि समाज आपल्याच लिखित स्मृतीला पारखा झाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील व तंजावरच्या संग्रहातील असंख्य कागद आज केवळ तज्ज्ञांनाच वाचता येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने समिती नेमली, तेव्हा जुन्या दस्तऐवजांसाठी मोडी वाचकांची मदत घ्यावी लागली. लिपीचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न कसा होतो, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

२. कळफलक आणि संकेतावली

विसाव्या शतकात यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असा विचार पुढे आला. सावरकरांनी पुरस्कारलेल्या लिपिसुधारणेत स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी ‘अ’लाच वेलांट्या-उकार जोडण्याची पद्धत होती व ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ वापरली. ती टिकली नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. ते नियम यंत्रासाठी केलेले नव्हते. परंतु मुद्रणाने ज्या एकरूपतेची सवय लावली होती, तिचेच ते पुढचे पाऊल होते.

संगणकाच्या आगमनाने हा प्रश्न निराळ्या पातळीवर गेला. संगणक अक्षर साठवतो तो एका संकेतांकाच्या रूपाने. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा प्रमाणसंकेत १९८८ मध्ये सिद्ध झाला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्यावरच आधारलेली आहे. व्यवहारात मात्र छपाई व्यवसायातील अक्षरसंच आपापले स्वतंत्र संकेत वापरीत राहिले. परिणामी त्या काळात संगणकावर जुळवलेली अनेक मराठी पुस्तके डोळ्यांना वाचता येतात, पण त्यांची मूळ संगणकीय प्रत रूपांतर केल्यावाचून दुसऱ्या यंत्राला वाचता येत नाही.

एका चिन्हाच्या उदाहरणाने या प्रश्नाची सूक्ष्मता ध्यानात येईल. ‘आचार्य’ या शब्दाचे ‘आचार्यांना’ आणि ‘आचारी’ या शब्दाचे ‘आचाऱ्यांना’. तसेच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. या जोड्यांतील अर्थभेद केवळ रफार आणि अर्धा र यांच्या भेदावर उभा आहे. हिंदीला या भेदाची गरज नाही, मराठीला आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी साठवता येतो. वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र, त्यांची मुद्दाम जुळणी करून दिल्याखेरीज, ते दोन वेगळे शब्द ठरतात. मोडीला तर युनिकोडमध्ये स्थान मिळण्यास २०१४ साल उजाडले.

३. भाषाप्रारूपाची घडण

ज्यांना लँग्वेज मॉडेल म्हटले जाते, त्या भाषाप्रारूपांचे काम वरील सर्व यंत्रांहून भिन्न आहे. गूगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्स्फॉर्मर या रचनेवर आजची बहुतेक मोठी प्रारूपे उभी आहेत. प्रचंड लिखित संग्रहातून शब्दांचे परस्परसंबंध टिपावयाचे आणि दिलेल्या मजकुरानंतर कोणता घटक येण्याचा संभव किती, याचा अंदाज बांधीत वाक्य पुढे न्यावयाचे, हे त्याचे मूळ तत्त्व होय. येथे व्याकरणाचे नियम कोणी आधी शिकवीत नाही. जे लिहिले गेले आहे आणि यंत्राच्या हाती आले आहे, तेच प्रारूपाचे व्याकरण आणि तोच त्याचा कोश.

मराठीच्या दृष्टीने याचे दोन परिणाम संभवतात. पहिला परिणाम प्रमाणाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे; पण प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी ज्याचा मोठा आधार घेतला जातो, त्या कॉमन क्रॉल या महाजालीय संग्रहात इंग्रजीचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असताना मराठीचा एक टक्क्याचा अल्पसा अंशही मोठ्या कष्टाने भरतो. बोलणाऱ्यांची संख्या आणि यंत्राला दिसणारी संख्या यांत असे अंतर आहे.

दुसरा परिणाम शब्दाच्या घडणीशी निगडित आहे. रूढ साठवणपद्धतीत इंग्रजीचे अक्षर एका बाइटात मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘माणूस’ या शब्दात पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट झाले. प्रारूप मजकुराचे तुकडे पाडून वाचते आणि हे तुकडे वारंवारतेवरून ठरतात. त्यामुळे इंग्रजीचा परिचित शब्द बहुधा अखंड राहतो आणि मराठीचा शब्द अनेक तुकड्यांत विखुरतो. त्यातच मराठीत सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय एकापुढे एक जोडले जातात. ‘माणूस’ या एका शब्दापासून ‘माणसाला’, ‘माणसांपुढे’, ‘माणसांपुढच्यालाही’ अशी रूपे निघतात. यांतील प्रत्येक रूप संग्रहात पुरेशा वेळा आढळेलच असे नाही. तुकडे जितके अधिक, तितका वापराचा खर्चही अधिक. अलीकडे हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न होत असले, तरी ते पूर्णपणे मिटलेले नाही.

४. सरासरीची मराठी

भाषाप्रारूप संभाव्यतेवर चालते. त्यामुळे त्याचा कल स्वभावतःच बहुसंख्य रूपाकडे असतो. महाजालावरील मराठीत वृत्तलेखन, जाहिरात, शासकीय निवेदने आणि भाषांतरित मजकूर यांचे प्रमाण मोठे आहे. साहजिकच यंत्रलिखित मराठीत ‘खात्री करून घ्या’ याऐवजी ‘सुनिश्चित करा’ आणि प्रत्येक गोष्टीने ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावणे’ अशी वाक्ये वारंवार भेटतात. ती अशुद्ध नसतात. परंतु त्यांना कोणत्याही गावाचे, व्यवसायाचे वा वयाचे वळण नसते.

परभाषेच्या वळणाची तक्रार जुनीच आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाले’चा आरंभच मराठीच्या तत्कालीन स्थितीच्या विचाराने केला होता. मग नवे ते काय? नवे आहे ते पुनरावृत्तीचे चक्र. भाषांतरित पाठ्यपुस्तक एकदा छापले जाई आणि वाचक त्याला नाकारू शके. यंत्रलिखित मजकूर मात्र महाजालावर जातो आणि पुढील प्रारूपाच्या प्रशिक्षणात पुन्हा समाविष्ट होण्याचा संभव असतो. प्रारूपांना त्यांच्याच निर्मितीवर वारंवार शिकवले असता विरळ रूपे प्रथम नाहीशी होतात आणि निर्मिती उत्तरोत्तर एकसुरी बनते, असे ‘नेचर’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या ‘विरळ रूपां’चा अर्थ सांगावा लागत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) वऱ्हाडी संवाद, ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी मराठीत आणलेला शब्दसंग्रह संख्येने विरळच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी साहित्याची समृद्धी पुष्कळशी या विरळ रूपांनी घडवली आहे. मुद्रणाने प्रमाणभाषा निर्माण केली तरी तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्याला खिळा नाकारला नाही; तोच खिळा वऱ्हाडीलाही उपयोगी पडला. वाक्य सुचवणारे यंत्र मात्र अशा रूपाला चूक समजून दुरुस्त करू पाहते. प्रमाणीकरणाचा दाब छापखान्यातून लेखकाच्या कळफलकापर्यंत आला आहे.

५. संबोधन, लिंग आणि सामाजिक व्यवहार

मराठीत तटस्थ वाक्य रचणे अनेकदा शक्य नसते. इंग्रजीत समोरच्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते व त्या निवडीत वय, नाते, जात आणि सत्ता यांचा इतिहास दडलेला असतो. लिंगाचेही तसेच. यंत्राने ‘मी समजलो’ म्हणावे की ‘मी समजले’? ‘डॉक्टर आले’ म्हणावे की ‘आल्या’? संग्रहात जे अधिक, तेच येणार. इंग्रजीत दडून राहणारा पक्षपात मराठीच्या क्रियापदात असा उघड होतो. उद्या रुग्णालय, बँक वा कृषी विभाग यांची उत्तरे यंत्राकडून मिळू लागली, तर नागरिकाला कसे संबोधावे, याचा निर्णय या सांख्यिक सवयीवर सोडणे योग्य ठरणार नाही.

मात्र याच तंत्रात एक विरुद्ध शक्यताही आहे. मुद्रणाने निरक्षराला बाहेर ठेवले. वाणी ओळखणारे यंत्र त्याला आत घेऊ शकते. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी जवळच्यांनी टिपून ठेवली म्हणूनच त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने येऊ शकली. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. हे काम माणसांनी गावोगाव जाऊन केले. २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र शासनाचा भाषिणी हा उपक्रम भारतीय भाषांतील वाणी व भाषांतर यांसाठी आहे. अशा उपक्रमांत अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणाऱ्याचा आवाज असेल, तर त्या बोलणाऱ्याला शासनाशी आपल्या बोलीत बोलता येईल. तो नसेल, तर यंत्राने आपल्याला समजून घ्यावे म्हणून त्यालाच आपली बोली बदलावी लागेल. मोडीच्या वाचनासाठीही हेच खरे आहे. तज्ज्ञांनी लिप्यंतर करून तपासलेले नमुने मिळाल्याशिवाय यंत्र मोडी शिकू शकणार नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, यंत्रामुळे मराठी नष्ट होईल ही भीती अतिरेकी आहे. परंतु तिचा एकच पदर उरण्याचा धोका वास्तव आहे. मोडीच्या बाबतीत समाजाने हा निर्णय विचारपूर्वक घेतला नव्हता. तो सोयीने होत गेला आणि त्याचे परिणाम शतकानंतर लक्षात आले. यावेळी प्रक्रिया डोळ्यांसमोर घडत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा अर्थ केवळ प्राचीनत्वाच्या गौरवापुरता घेतल्यास ही संधी वाया जाईल.

यासाठी लागणारे काम विद्यापीठीय मराठी विभागांच्या परंपरेतलेच आहे. जुन्या ग्रंथांच्या आवृत्ती व सालासह शुद्ध संगणकीय संहिता तयार करणे; बोलणाऱ्याची संमती घेऊन आणि गाव, वय, व्यवसाय यांच्या नोंदीसह बोलींचे ध्वनिमुद्रण करणे; यंत्रलिखित मजकूर मानवी लेखनापासून वेगळा नोंदविणे; आणि यंत्राच्या मराठीची चिकित्सा पदव्युत्तर अभ्यासक्रमात आणणे, ही त्याची मुख्य अंगे होत. पाठचिकित्सा आणि बोलीविज्ञान या आजवर मर्यादित वर्तुळात राहिलेल्या विद्याशाखांना त्यामुळे थेट सामाजिक प्रयोजन प्राप्त झाले आहे. उद्याचे यंत्र कोणती मराठी बोलेल, हे आज कोणती मराठी काळजीपूर्वक नोंदवली जाते यावर बव्हंशी अवलंबून राहील.