दुकानाच्या नव्या संगणकात लिनक्स घालताना

आमच्या कापड दुकानातील जुन्या संगणकात विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने त्याचा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते, ती जुन्यात नव्हती. तेव्हा नवा लॅपटॉप घेतला व जुना बदलीत दिला. नव्यात विंडोज ११ भरूनच आले. सोबत लिनक्सही असावे असे आम्हाला वाटले, कारण डिझाइनचे पेन ड्राइव्ह दुकानात रोज दहा हातांतून येतात आणि विंडोजचे व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाहीत. शिवाय ते फुकट आहे, खोटे का बोलावे!

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिहिला. त्यावर बेतलेली 'बॉस' ही प्रणाली आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये काढली. आम्ही मिंट घेतली.

येथेच आमचे नुकसान झाले. लिनक्स भरताना पडद्यावर विचारणा होते : विंडोजच्या शेजारी ठेवायचे की पूर्ण डिस्क पुसायची? गिऱ्हाईक समोर, हात घाईत. आम्ही दुसरे दाबले. विंडोज गेले, टॅली गेली आणि आमगाव, सालेकसा, देवरीकडील उधारीचे तीन महिन्यांचे खाते गेले. बिलबुके होती म्हणून पुन्हा उभे केले, पण पंधरा रात्री गेल्या. काही रकमा तर गिऱ्हाइकांनीच आठवून सांगितल्या.

म्हणून व्यापारी बंधूंनी आधी टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी घ्यावा, त्यातला एक घरी ठेवावा. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवावा. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागलेले असते. त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर पुढे आपल्याच माहितीबाहेर उभे राहावे लागेल. मग फास्ट स्टार्टअप बंद करून, डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह आकसून १०० जीबी जागा मोकळी करावी.

मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून रुफस या साधनाने ८ जीबीच्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिहावी. त्यातले आधीचे सारे पुसले जाते. त्या ड्राइव्हवरून संगणक सुरू करण्यासाठी एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जी कंपनी तशी कळ. लगेच भरू नये. पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय व बिलाचा प्रिंटर चालतो का ते पाहावे. चालला तरच पुढे जावे, चार्जर लावून, दुकान बंद झाल्यावर.

टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. तिच्यासाठी विंडोज ठेवावेच लागते. जीएसटी विवरण आणि ई-वे बिल मात्र ब्राउझरमधून होते. मालक एकटा असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीने सही भागते. पत्रांसाठी लिबरऑफिस पुरे. मराठी व उर्दू दोन्हींचा कीबोर्ड त्यात आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे नस्तालिक अक्षरे पडद्यावर दिसली तेव्हा बरे वाटले.

एक लहान गोष्ट. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, कारण लिनक्स यंत्राचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवते. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ सिंक केली की जुळते. आम्ही दोन दिवस दुपारच्या बिलांवर सकाळची वेळ छापत होतो.