मुद्दा, पोटमुद्दा आणि समास

विचारांचे परस्परांशी असलेले नाते केवळ शब्दांनीच व्यक्त होते असे नाही. ओळ कागदाच्या कडेपासून किती अंतरावर सुरू होते, यावरूनही ते कळते. मुख्य मुद्दा समासालगत, पोटमुद्दा थोडा आत आणि त्याचा तपशील आणखी आत, ही रीत जुनीच आहे. संगणकावर सादरीकरण तयार करताना तिचाच उपयोग होतो. ओळ आत सरकवणे हे हाताचे काम होय. ती कोणत्या पायरीवर ठेवावी हे ठरवणे मात्र बुद्धीचे काम आहे.

या बुद्धीच्या कामाचा सखोल विचार ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी केला. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बंगळूर येथे घालवली. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने 1962 मध्ये तेथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. 1972 मध्ये बंगळूरलाच त्यांचे निधन झाले.

रंगनाथन यांनी विषयांच्या मांडणीत दोन रचना वेगळ्या ओळखल्या. एकाच विषयाचे एकाच तत्त्वाने भाग पाडले म्हणजे त्या समान दर्जाच्या भागांची पंक्ती होते. व्यापक विषयाकडून संकुचित विषयाकडे उतरत गेल्यास शृंखला होते. पुढील मांडणी पाहावी :

• भारत
　– कर्नाटक
　　· बंगळूर
　　· म्हैसूर
　– महाराष्ट्र

कर्नाटक व महाराष्ट्र ही पंक्ती. भारत, कर्नाटक, बंगळूर ही शृंखला. शृंखलेतील मधली कडी गाळू नये, असा रंगनाथन यांचा दंडक आहे. भारताखाली एकदम बंगळूर लिहून त्याच पायरीवर महाराष्ट्र ठेवल्यास शहर आणि राज्य एका पंक्तीत बसतात व वाचकाचा गोंधळ उडतो.

आता हाताच्या कामाकडे वळू. पॉवरपॉइंटसारख्या साधनात प्रत्येक परिच्छेदाला दोन अंतरे असतात : ठिपक्याचे व मजकुराचे. मजकुराचे अंतर अधिक ठेवले म्हणजे दुसरी ओळ ठिपक्याखाली न येता पहिल्या शब्दाखाली येते. वरच्या मोजपट्टीवरील दोन त्रिकोणी खुणा सरकवून ही अंतरे बदलता येतात. ओळीच्या आरंभी टॅबची कळ दाबल्यास मुद्दा एक पायरी आत जातो. शिफ्टसह दाबल्यास बाहेर येतो. मोकळ्या जागा भरून ओळ आत ढकलू नये. तसे केल्याने ओळ आत गेलेली दिसते, परंतु तिची पायरी बदलत नाही. अक्षरांचा आकार बदलताच सारी मांडणी विस्कटते. सर्व पानांवर एकच मापे हवी असल्यास ती मूळ नमुन्याच्या पानावर एकदाच ठरवावीत.

येथे एक धोका संभवतो. पायरी ही नाते दाखवते, महत्त्व नव्हे. परंतु आतल्या पायरीवर अक्षरे बहुधा लहान होत जातात आणि वाचकाची नजर लहान अक्षरांना गौण मानते. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया अवकाशयान झेपावले, तेव्हा बाह्य टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीविषयी सादरीकरण केले. त्यातील एका पानाचा मथळा दिलासा देणारा होता. मात्र तळाशी, आतल्या पायरीवर लिहिले होते की, येथील तुकड्याचे आकारमान 1920 घन इंच असून चाचणीतील तुकडा 3 घन इंचांचा होता. म्हणजे तो 640 पट मोठा होता. चाचणीचे निष्कर्ष त्याला लागू करणे कठीण होते. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या पानाचे एडवर्ड टफ्टी यांनी केलेले विश्लेषण समाविष्ट केले. असे पान वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला जिवावरच्या संकटाची जाणीव होऊ नये हे समजण्याजोगे आहे, असे मंडळाने नमूद केले. दुर्घटनेचे कारण ते पान नव्हते. परंतु धोक्याची सूचना त्यात दडून राहिली, हे खरे.

म्हणून ओळ आत सरकवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ही ओळ वरच्या मुद्द्याचा प्रकार, भाग किंवा पुरावा आहे काय? असल्यास ती आत जावी. ती वाचल्यावर वरचा निष्कर्ष बदलतो काय? बदलत असल्यास तिची जागा मथळ्यात आहे.