घशात हाडूक अडकलेलं नसतं

१. आमची चिंगी, जातीची पामेरियन, बदकासारखं ओरडत खोकायला लागली तेव्हा आळीतल्या प्रत्येकानं 'हाडूक अडकलंय' हेच निदान केलं. खोकला कोरडा, माणूस दारात आला, घाईनं पाणी प्यायली किंवा साखळीला ताण बसला की उबळ यायची. खरं कारण वेगळं होतं: या दुखण्यात श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात, त्यांना पाठीमागून जोडणारा पडदा सैलावतो आणि नळी चपटी होते. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा चिमुकल्या जातींत हे जास्त.

२. एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मानेतली नळी श्वास आत घेताना मिटते, छातीतली सोडताना. फोटो नेमका त्या क्षणी निघेलच असं नाही. म्हणून चालता एक्स-रे, म्हणजे फ्लुरोस्कोपी, किंवा भूल देऊन दुर्बीण. दुर्बिणीतून श्रेणी ठरते: पहिलीत पोकळी साधारण २५ टक्के घटलेली, चौथीत जवळजवळ बंद.

३. आधी वजन उतरवायचं, मग औषधं, ऑपरेशन सगळ्यात शेवटी. गळपट्टा काढून छातीचा पट्टा घाला. खोकला दाबणारी आणि श्वासनळ्या रुंदावणारी औषधं, गरज पडली तर थोडे दिवस स्टेरॉइड. बऱ्याच कुत्र्यांचं एवढ्यावर निभावतं. (स्टेरॉइडनं भूक खवळते आणि आमच्या आईला चिंगीची कीव येते. तुपाची पोळी बंद करणं हे या दुखण्यातलं सगळ्यात अवघड काम.)

४. ऑपरेशनचे मार्ग मुख्यतः दोन, आणि कुठला घ्यायचा हे नळी कुठे मिटते यावर ठरतं, आपल्या पसंतीवर नाही.
मानेत मिटत असेल तर नळीच्या बाहेरून प्लास्टिकच्या कड्या शिवतात आणि भिंत त्यांना ताणून बांधतात. नळीच्या आत काही राहत नाही, हा मोठा फायदा. पण नळीला चिकटूनच स्वरयंत्राची नस जाते. ती दुखावली तर स्वरयंत्र लुळं पडू शकतं. नळीचा रक्तपुरवठाही जपावा लागतो.
छातीत कड्या बसवायला फार मोठी चिरफाड लागते, म्हणून तिथे स्टेंट. निटिनॉल या मिश्रधातूची विणलेली जाळी तोंडावाटे मिटलेल्या अवस्थेत आत सारतात, ती जागेवर उलगडते. चिरा नाही, कुत्र्याला दम लगेच पुरायला लागतो. चिंगीची नळी दोन्हीकडे मिटत होती, म्हणून तिला हाच.

५. स्टेंट तुटू शकतो, सरकू शकतो, टोकाशी मांस वाढून वाट पुन्हा अडू शकते. माप चुकलं की हे धोके वाढतात. म्हणून डॉक्टरांना खर्च विचारण्याआधी माप कसं घेणार, हे विचारा. त्यांनी असे किती बसवलेत, तेही. संकोच नको.

६. जीभ निळसर पडली तर घरगुती उपाय करत बसू नका. गार जागा, शक्य तितकी शांतता, आणि तडक दवाखाना.

७. 'आता खोकला गेला ना?' असं सगळे विचारतात. नाही गेला. स्टेंट वाट मोकळी करतो, कूर्चा बरी करत नाही. आतल्या बारीक श्वासनळ्या मऊ असतील तर तिथे तो पोचतही नाही. उलट जोराच्या खोकल्यानं जाळीच तुटू शकते, म्हणून खोकल्याचं औषध अजून चालू आहे आणि ठरल्या वेळी एक्स-रेही.