नदी अडवली तेव्हा

आपण बटण दाबतो, दिवा लागतो. ही वीज कुठून आली, हे आपण विचारत नाही. आज आपण एका दूरच्या नदीची हकिगत वाचू.

कॅनडा नावाचा थंड देश आहे. त्याच्या क्वेबेक प्रांतात उत्तरेला जेम्सचा उपसागर आहे. तिथं क्री लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. थंडीमुळं शेती पिकत नाही. शिकार आणि मासे यांवरच त्यांचं पोट भरत आलं. कोणत्या रानात कोणी शिकार करायची, हे ठरलेलं असतं. प्रत्येक रानाला एक जाणता कारभारी असतो. तो म्हणाला, "यंदा इथं नको, जनावर वाढू द्या," की ऐकायचं. पोरगं बापामागं रानात हिंडतं. तीच त्याची शाळा.

1971 साली प्रांताच्या सरकारनं जाहीर केलं, की इथल्या ला ग्रांद नदीवर धरणं बांधून वीज करायची. क्री लोकांना कोणी विचारलं नाही. शिकलेल्या तरुणांनी वर्तमानपत्रातली बातमी वडीलधाऱ्यांना सांगितली. गावोगावचे पुढारी जमले. शेजारचे इन्युइट लोकही सोबत आले. प्रकरण कोर्टात गेलं. म्हातारे शिकारी साक्षीला उभे राहिले. 1973 साली न्यायाधीशांनी काम थांबवायचा हुकूम दिला. पण आठवडाभरातच वरच्या कोर्टानं तो उठवला.

शेवटी 1975 साली करार झाला. क्री लोकांनी जमिनीवरचे जुने दावे सोडले. त्या बदल्यात पैसा, शिकारीचे हक्क आणि शाळांचा कारभार मिळाला. रानात राहणाऱ्या शिकाऱ्यांना ठरावीक रक्कमही मिळू लागली.

मग पाणी चढलं. शिकारीची रानं बुडाली. बुडालेली झाडंझुडपं कुजली आणि विषारी पारा माशांत उतरला. काही मासे बेतानंच खा, असं लोकांना सांगावं लागलं. ज्या माशानं घर जगवलं, त्याचीच भीती वाटू लागली! नदीच्या मुखाशी बेटावर एक गाव होतं. 1980 च्या सुमारास ते काठावर हलवलं. नव्या गावाचं नाव चिसासिबी, म्हणजे 'मोठी नदी'.

पुढं दुसरी नदी अडवायचं ठरलं. 1990 साली क्री आणि इन्युइट लोक एक नाव घेऊन थेट न्यूयॉर्कला गेले. वीज तिथं विकली जाणार होती. घेणाऱ्यांनाच त्यांनी आपलं दुःख सांगितलं. 1994 साली तो बेत बाजूला पडला. आजही वसंतात रानहंस आले, की तिथल्या शाळांना सुट्टी मिळते. घरची माणसं पोरांना घेऊन शिकारीला जातात.

वीज नको, असं आम्ही म्हणत नाही. आपल्याकडंही कोयनेच्या धरणानं वीज दिली आणि गावंही बुडवली. पण ज्याची नदी, त्याला आधी विचारावं. आणि समोर कागद आला, तर तो वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये.

सांगा पाहू : करारात क्री लोकांनी काय दिलं? काय मिळवलं? तुमच्या मते सौदा बरोबरीचा झाला का?