उलट्या फितीतला राक्षस

समजा, तुम्ही मोडनिंब स्थानकावर उभे आहात. कुणाच्या तरी हातून चहाचा पेला निसटतो, फुटतो आणि चहा फरशीवर पसरतो. हे दृश्य कॅमेऱ्याने टिपून फीत उलटी चालवली तर? सांडलेला चहा गोळा होईल, काचा जुळतील आणि भरलेला पेला पुन्हा हातात जाऊन बसेल! तुम्हाला हसू येईल. पण याच युक्तीने एकेकाळी प्रेक्षकांना घाबरवले होते.

मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' ही भयकादंबरी 1818 साली प्रसिद्ध झाली. तीत एक तरुण आपल्या प्रयोगातून एक राक्षसी जीव निर्माण करतो. एडिसनच्या कंपनीने 1910 साली अमेरिकेत तिच्यावर एक छोटा मूकपट काढला. तो एकाच रिळाचा होता. रिळात सुमारे 1000 फूट फीत मावे व एका फुटात 16 चित्रे बसत. सेकंदाला 16 चित्रे दाखवली, तर 1000 सेकंद, म्हणजे सुमारे 17 मिनिटे होतात. एवढ्यात कादंबरी संपवायची!

मग राक्षस जन्मला कसा? त्यांनी माणसाच्या आकाराची बाहुली पेटवून दिली, ती जळताना चित्रण केले आणि ते उलटे दाखवले. कढईतल्या ज्वाळांतून सांगाडा उठतो व त्यावर मांस चढत जाते, असे प्रेक्षकांना दिसले. खर्च फारसा नाही, परिणाम मात्र जबरदस्त!

हे दृश्य भयंकर का वाटते? झुलणाऱ्या लंबकाचे चित्रण उलटे दाखवले, तरी फरक कळत नाही. पण जळलेल्या राखेचे पुन्हा लाकूड झालेले कुणी पाहिले आहे काय? निसर्गात जे आपोआप उलटत नाही, ते उलटताना दिसले की मन दचकते.

आपल्या दादासाहेब फाळके यांनीही 'राजा हरिश्चंद्र' (1913) काढण्यापूर्वी काळाशी असाच खेळ केला होता. वाटाण्याच्या रोपाची अनेक दिवस थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी पडद्यावर ते झरझर वाढताना दाखवले.

करून पाहा : वहीच्या कोपऱ्यांवर जळत जाणाऱ्या मेणबत्तीची वीस चित्रे क्रमाने काढा. पाने आधी सुलट, मग उलट भराभर सोडा. मेणबत्ती वाढू लागेल! यापुढे पडद्यावर भूत दिसले, तर घाबरण्याआधी विचारा : ही फीत सुलट आहे की उलट?